रॅन्स, एलईएस की डीएनएस: टर्ब्युलंट प्रवाहासाठी कोणतं सिम्युलेशन घ्यावं?

वाहिनीचा तळ अचानक एक पायरी खाली उतरतो. वरून आलेला प्रवाह पायरीच्या काठाशी भिंत सोडतो, खालच्या कोपऱ्यात एक भोवरा गरगरत राहतो आणि पुढे कुठेतरी प्रवाह पुन्हा तळाला टेकतो. नेमका कुठे? ड्रायव्हर आणि सीगमिलर यांच्या 1985 च्या प्रयोगात हे अंतर पायरीच्या उंचीच्या 6.26 पट भरलं. संगणकावर स्टँडर्ड के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्सचं, म्हणजे भोवऱ्यांनी खळबळलेल्या प्रवाहाचं, मॉडेल वापरलंत, तर प्रवाह हमखास त्याआधीच टेकलेला दिसतो. मेंटरचं 1994 चं एसएसटी मॉडेल बरंच जवळ जातं. प्रवाहाची मूळ समीकरणं तीच, भूमिती तीच, तरी मॉडेल बदललं की उत्तर बदलतं. पद्धत निवडायला बसलेल्या प्रत्येकानं ही पायरी एकदा स्वतः सोडवून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

रॅन्स, एलईएस आणि डीएनएस या तिन्ही पद्धतींची सुरुवात नेव्हिअर-स्टोक्स समीकरणांपासूनच, म्हणजे प्रवाहाच्या गतीच्या मूळ समीकरणांपासूनच होते. भोवऱ्यांचा किती भाग खरोखर सोडवायचा आणि किती मॉडेलवर सोपवायचा, एवढाच फरक. डीएनएस लहानात लहान भोवऱ्यापर्यंत सगळं सोडवतं. एलईएस मोठे भोवरे सोडवतं आणि जाळीत (गणितासाठी जागेचे जे छोटे तुकडे, म्हणजे सेल, पाडतात त्यांत) न मावणाऱ्या लहान भोवऱ्यांचा परिणाम मॉडेलनं भरून काढतं. रॅन्स फक्त सरासरी प्रवाह सोडवतं, चढउतार सगळे मॉडेलच्या वाट्याला.

डीएनएसचा हिशोब आधी करून टाकू, कारण बहुतेकांसाठी तो तिथेच संपतो. कोल्मोगोरोव्हच्या 1941 च्या सिद्धांतानुसार जाळीतले बिंदू रेनॉल्ड्स अंकाच्या (प्रवाहाचा जोर आणि त्याचा चिकटपणा यांच्या गुणोत्तराच्या) 9/4 घातानं वाढतात. मोठ्या भोवऱ्यांवर आधारलेला रेनॉल्ड्स अंक 10,000 असेल तर ढोबळमानाने 100 कोटी बिंदू लागतात. वेगाचे तीन घटक आणि दाब डबल प्रिसिजनमध्ये (दर आकड्याला 8 बाइट) ठेवायचे म्हटले तर एका क्षणाचे 32 जीबी. हे जमू शकतं. तोच अंक 10 लाख झाला की बिंदू 30 लाख कोटींच्या घरात जातात आणि एकाच क्षणाची साठवण एक पेटाबाइट होते. असे हजारो क्षण पुढे सरकायचं असतं ते वेगळंच. स्पालार्ट यांनी 2000 साली अंदाज मांडला होता की अख्ख्या विमानाचं डीएनएस साधारण 2080 च्या सुमारास आवाक्यात येईल.

मग डीएनएस करायचं कशाला? ती एक प्रयोगशाळा आहे म्हणून. किम, मोइन आणि मोझर यांनी 1987 मध्ये सुमारे 40 लाख बिंदूंवर वाहिनीतला प्रवाह सोडवला, तेव्हा भिंतीच्या अगदी लगतच्या अशा राशी हाती आल्या ज्या कुठलाही प्रोब नीट मोजू शकत नव्हता. आजही नवं मॉडेल तपासायचं म्हटलं की लोक त्या माहितीकडे वळतात. तुमचा प्रश्न ‘टर्ब्युलन्स इथे असा का वागतो’ या जातीचा असेल आणि रेनॉल्ड्स अंक कमी चालत असेल, तर डीएनएस घ्या. ‘या झडपेत दाब किती पडेल’ हा प्रश्न असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

पायरीचं डीएनएससुद्धा झालेलं आहे. ले, मोइन आणि किम यांनी 1997 मध्ये ते प्रसिद्ध केलं, उत्तर आलं 6.28. वरच्या 6.26 शी जुळलं म्हणून लगेच खूश होऊ नका. त्यांचा रेनॉल्ड्स अंक 5,100 होता, 1985 च्या प्रयोगाचा त्याच्या कितीतरी पट, आणि वाहिनीच्या उंचीचं गुणोत्तरही वेगळं. दोन आकडे शेजारी बसले म्हणजे एकानं दुसऱ्याची खातरजमा केली असं होत नाही. शोधनिबंधांत ही गफलत मला वारंवार दिसते आणि दर वेळी वाईट वाटतं.

खरी ओढाताण रॅन्स आणि एलईएसमध्ये असते.

रॅन्सची मूळ कल्पना ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांची, 1895 ची: वेगाचे सरासरी आणि चढउतार असे दोन भाग करा. सरासरी घेतली की समीकरणात नवे ताण उगवतात आणि अज्ञातं समीकरणांपेक्षा जास्त होतात. ती फट मॉडेल बुजवतं. के-एप्सिलॉनमधले 0.09, 1.44, 1.92 हे स्थिरांक ओळखीचे असतील. ते साध्या प्रवाहांवर बेतलेले आहेत: प्रवाहात आडव्या धरलेल्या खऱ्याखुऱ्या जाळीमागे विरत जाणारा टर्ब्युलन्स, सपाट भिंतीलगतचा थर. तुमचा प्रवाह या नमुन्यांच्या जवळचा असेल तर रॅन्स थोड्या खर्चात उत्तम काम देतं. पाइपमधला दाबाचा ऱ्हास, भिंतीला चिकटून जाणारा सीमास्तर, कमी कोनातला विमानाचा पंख, अशा ठिकाणी एलईएसचा हट्ट धरणं म्हणजे संगणकाचा वेळ वाया घालवणं. शिवाय डिझाइनचे पन्नास पर्याय चाळायचे असतील तर दुसरा मार्गच नाही.

रॅन्सची उणीव मात्र जाळी बारीक करून जात नाही, आणि इथेच नवखे फसतात. चौकोनी नळीचं उदाहरण घ्या. टर्ब्युलंट प्रवाहात तिच्या कोपऱ्यांकडे जाणारे क्षीण दुय्यम प्रवाह असतात, मुख्य वेगाच्या एक-दोन टक्के. साधं एडी-व्हिस्कॉसिटी मॉडेल (भोवऱ्यांचा परिणाम म्हणजे जादा चिकटपणा असं मानणारं) सरळ नळीतल्या पूर्ण विकसित प्रवाहात ते शून्य दाखवतं, कारण त्यांना जन्म देणारा ताणांमधला फरक मॉडेलच्या गृहीतकातच नाही. सेल दुप्पट करा, दसपट करा, शून्य ते शून्यच. रेसिड्युअलचा, म्हणजे समीकरणांत उरलेल्या चुकीचा, आलेख सुरेख खाली जातो, मेश-इंडिपेंडन्स (जाळी बारीक करूनही उत्तर न बदलणं) सिद्ध होतो, आणि उत्तर ठामपणे चुकीचं राहतं. एलईएसमध्ये जाळी बारीक केली की मॉडेलचा वाटा घटत जातो आणि तुम्ही डीएनएसकडे सरकता. माझ्या मते दोन्हींमधला सगळ्यात मोठा फरक हाच, खर्चाचा नव्हे.

काळाचा प्रश्न असेल तर निवड आणखी सोपी होते. 0.1 मीटर व्यासाच्या सिलिंडरवरून 10 मीटर प्रतिसेकंद वारा वाहतोय. स्ट्रूहल अंक (वारंवारता गुणिले व्यास भागिले वेग) 0.2 धरला तर मागे सेकंदाला सुमारे 20 वेळा भोवऱ्यांची जोडी सुटते. स्थिर रॅन्स त्याऐवजी एक शांत, सममित शेपूट दाखवेल. अस्थिर रॅन्स वारंवारता बऱ्यापैकी पकडू शकतं. पण बलाचे चढउतार, आवाज, धातूच्या थकव्याचा भार, मिश्रणातली क्षणिक टोकं हवी असतील, तर एलईएसला पर्याय नाही.

एलईएसची किंमत भिंतीशी चुकवावी लागते. भिंतीजवळ ‘मोठे’ भोवरेही बारीक होत जातात. चोई आणि मोइन यांच्या 2012 च्या हिशोबानुसार भिंतीपर्यंत सगळं सोडवणाऱ्या एलईएसचे बिंदू रेनॉल्ड्स अंकाच्या 13/7 घातानं वाढतात. भिंतीलगतचा थर मॉडेलवर सोपवला तर वाढ साधारण समप्रमाणात राहते. म्हणून मोठ्या रेनॉल्ड्स अंकाला वॉल-मॉडेल्ड एलईएस किंवा डीईएससारखी मिश्र पद्धत (भिंतीलगत रॅन्स, बाहेर एलईएस) घेतात. डीईएसमध्ये एक खाच आहे: सीमास्तरातली जाळी चुकीच्या प्रमाणात बारीक झाली, तर मॉडेल वेळेआधीच एलईएसच्या वाटेला लागतं आणि नसलेलं विलगीकरण (प्रवाहानं भिंत सोडणं) दाखवतं. 2006 मध्ये आलेली डीडीईएस ही सुधारणा त्यासाठीच आहे.

जाळीखेरीज तीन गोष्टी एलईएसमध्ये जास्तीच्या लागतात: प्रवेशाशी खरेखुरे चढउतार, पुरेसं रुंद डोमेन (गणितात घेतलेली जागा) आणि सरासरीसाठी पुरेसा काळ. डोमेनच्या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. सिलिंडरचं पहिलं एलईएस करताना सेल वाचवायला अक्षाच्या दिशेनं फक्त एक व्यासाएवढी जाडी ठेवली आणि दोन्ही बाजूंना आवर्ती सीमा-अटी (एका बाजूनं बाहेर गेलेलं दुसऱ्या बाजूनं आत येतं) दिल्या. ॲनिमेशन देखणं आलं. उचल बलाचे चढउतार मात्र प्रयोगापेक्षा खूपच मोठे निघाले. एवढ्याशा जागेत भोवरे अक्षाच्या दिशेनं मोडूच शकत नव्हते, टोकापासून टोकापर्यंत एकदम सुटत होते. तीन आठवड्यांचं रन टाकून द्यावं लागलं. पुढच्या वेळी जाडी तीन व्यासांहून थोडी जास्त घेतली आणि आकडे जागेवर आले. अशा अर्धवट एलईएसपेक्षा नीट केलेलं रॅन्स मी केव्हाही पसंत करेन. रॅन्सच्या चुका कुठे असतात हे निदान ठाऊक असतं.

तरीही मन ठरत नसेल, तर आधी रॅन्स चालवा. ते फुकट जात नाही. प्रत्येक सेलमधले के (टर्ब्युलन्सची गतिज ऊर्जा) आणि एप्सिलॉन (ती विरण्याचा दर) घ्या, के च्या दीड घाताला एप्सिलॉननं भागा: तिथल्या मोठ्या भोवऱ्यांची लांबी हाती येते. एलईएसनं सुमारे 80 टक्के गतिज ऊर्जा थेट सोडवावी हा रूढ निकष आहे, आणि त्यासाठी या लांबीत निदान पाच सेल बसायला हवेत. त्यावरून भिंतीपासून दूरच्या भागातले सेल मोजा, भिंतीलगतच्या थराचे वेगळे धरा आणि बेरीज तुमच्या क्लस्टरवर मिळणाऱ्या कोअर-तासांशी ताडून पाहा. बेरीज बसत नसेल तर अख्ख्या यंत्राचं एलईएस सोडून द्या. रॅन्समध्ये जिथे प्रवाह भिंत सोडताना दिसला, तेवढाच तुकडा कापून त्याचं एलईएस करा.