स्पॅनिशची तीन वर्षांची पदवी: एका मुद्रितशोधिकेचा अनुभव

पहिल्या सत्राच्या पहिल्याच चाचणीत स्वतःचं वय लिहायचं होतं. स्पॅनिशमध्ये माणूस अमुक वर्षांचा नसतो, तेवढी वर्षं त्याच्याजवळ असतात. ‘तेंगो क्वारेंता इ नुएवे आन्योस’, म्हणजे माझ्याजवळ एकोणपन्नास वर्षं आहेत. वाक्य मी बरोबर लिहिलं, फक्त ‘न’च्या डोक्यावरची नागमोडी रेघ द्यायची राहिली. प्राध्यापिकेने शब्दाभोवती लाल गोल काढला आणि तास संपल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं, की ती रेघ नसेल तर ‘वर्षं’ हा अर्थ जाऊन तिथे ‘गुदद्वार’ हा अर्थ येतो. मी चोवीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं आहे. एका रेघेने अर्थ उलटतो ही माझ्या रोजच्या कामातली गोष्ट, त्यामुळे त्या क्षणी ही भाषा मला ओळखीची वाटायला लागली.

रेघेची गोष्टही त्यांनीच सांगितली. लॅटिनमधल्या ‘अन्नुस’सारख्या शब्दात दोन ‘न’ लागोपाठ आले, की मध्ययुगातले लेखनिक जागा वाचवायला एक ‘न’ दुसऱ्याच्या डोक्यावर बारीक काढायचे. त्याचीच पुढे रेघ झाली आणि तिच्यासकट ते वर्णमालेतलं वेगळं अक्षर ठरलं. आपला अनुस्वार आठवला.

सहा सत्रं पूर्ण झाली आहेत. अनेकजणी विचारतात, नोकरी करत, या वयात, ही पदवी घ्यावी का? माझं उत्तर हो आहे, पण त्यातले खड्डे आधी कळलेले बरे. महाविद्यालयाचं नाव मी घेत नाही. पुढे लिहिलेलं मला त्या एका वर्गात दिसलेलं आहे.

व्याकरण उत्तम शिकवलं गेलं. वेग मात्र पहिल्या वर्षी फार. दोन सत्रांत वर्तमानकाळ, दोन्ही भूतकाळ आणि आज्ञार्थ संपवले, आणि अर्धा वर्ग ‘सेर’ आणि ‘एस्तार’मध्ये अडकलेला राहिला. दोन्हींचा अर्थ ‘असणे’. पाठ्यपुस्तकात नियम दिला होता: कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम मोडीत काढायला तीन उदाहरणं पुरतात. मेलेला माणूस कायमचाच मेलेला, तरी तिथे एस्तार. माद्रिद जागचं हलत नाही, पण ते कुठे आहे हे सांगायला एस्तार. लग्न दोन तासांत उरकतं, आणि ते कुठे आहे हे सांगायला मात्र सेर. वस्तू काय आहे ते सेर सांगतो, आणि ती कुठल्या अवस्थेत किंवा कुठे आहे ते एस्तार. समारंभाची जागा तेवढी सेरकडे. हे आम्हाला चौथ्या सत्रात कळलं. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर काही मुलं गळाली नसती.

पुस्तकाबद्दलची माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. सगळं स्पष्टीकरण इंग्रजीच्या वाटेने येतं, त्यामुळे जे मराठी माणसाला सहज कळावं तेच अवघड होऊन बसतं. ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ या वाक्यावर आमचे दोन तास गेले. कर्ता कुठे गेला, क्रियापद अनेकवचनी का, असे प्रश्न फळ्यावर मांडले गेले. मी वहीत लिहिलं, ‘मला पुस्तकं आवडतात’, आणि शब्दाखाली शब्द जुळला. आवडणाऱ्याला ‘मला’ आणि क्रियापद पुस्तकांच्या मागे, दोन्हीकडे अगदी तसंच.

भूतकाळाचंही तेच. ‘फुए’ म्हणजे ‘गेला’, ‘इबा’ म्हणजे ‘जाई’. हे ‘जाई’ आता कथांमधूनच वाचायला मिळतं, पण ते कानात असलेल्या माणसाला स्पॅनिशच्या दोन भूतकाळांची भीती वाटायचं कारण नाही. आणि सगळे ज्याला घाबरतात तो सुबखुन्तिवो! इच्छा, शंका, विनंती आली की क्रियापदाचं रूप बदलतं. ‘किएरो के वेंगास’. पुस्तकाने त्यावर अकरा पानं खर्च केली आहेत. आपण म्हणतो, ‘तू यावंस असं मला वाटतं’. ‘येतोस’ नाही, ‘यावंस’. हे मी वर्गात बोलून दाखवलं तेव्हा शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “काकू, हे आधी का नाही सांगितलंत?” त्या आठवड्यापासून आम्ही चौघी तासाआधी अर्धा तास बसून पुस्तकातली वाक्यं आधी मराठीत लावायला लागलो. नवीन प्रवेश घेणाऱ्यांनी ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. उच्चारातही आपला फायदा आहे. ‘ट’ आणि ‘ड’ विसरायचे, ‘त’ आणि ‘द’ वापरायचे, की अर्धं काम झालं.

संस्कृतीचा विषय पहिल्या वर्षी निराशा करणारा होता. राजधान्या, झेंडे, सण, नाच, आणि परीक्षेत जोड्या लावा. दुसऱ्या वर्षी मात्र प्राध्यापिका बदलल्या आणि विषयाला जीव आला. त्यांनी इतिहास शब्दांपासून सुरू केला. ‘आसुकार’ म्हणजे साखर, ‘आल्मोआदा’ म्हणजे उशी, ‘आसेइते’ म्हणजे तेल: सगळे अरबीतून आलेले. ७११ मध्ये मुस्लिम फौजा इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, उतरल्या आणि १४९२ मध्ये ग्रानादा हे तिथलं शेवटचं मुस्लिम राज्य पडलं, त्या दरम्यानचे हे शब्द. ‘आसुकार’चा माग काढत आम्ही अरबीतून फारसीत आणि तिथून संस्कृत ‘शर्करे’पर्यंत पोचलो. ‘ओखाला’, म्हणजे देव करो आणि तसं होवो, हाही अरबीच, आणि त्याच्यामागून पुन्हा तोच सुबखुन्तिवो: ‘ओखाला वेंगास’.

त्याच सत्रात आम्हाला पंचतंत्र भेटलं. संस्कृतातून पहलवीत म्हणजे जुन्या फारसीत, तिथून अरबीत, आणि १२५१ च्या सुमाराला कास्तील्यानोत म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये. करटक आणि दमनक हे कोल्हे तिथे कालिला आणि दिमना झाले आहेत. स्पॅनिश गद्याच्या सुरुवातीच्या पुस्तकांमध्ये लहानपणी ऐकलेली गोष्ट सापडली, याने मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

१४९२ या एकाच वर्षावर तीन तास झाले, आणि एकही वाया गेला नाही. २ जानेवारीला ग्रानादाचा पाडाव. ३१ मार्चला ज्यूंच्या हकालपट्टीचं फर्मान. ऑगस्टमध्ये सालामांका शहरात नेब्रिखा या पंडिताचं कास्तील्यानो व्याकरण छापून झालं. १२ ऑक्टोबरला कोलंबसाची माणसं अटलांटिकपलीकडच्या बेटावर उतरली. हाकललेले ज्यू आपली स्पॅनिश बरोबर घेऊन इस्तंबूलला, सालोनिकाला गेले आणि पिढ्यानपिढ्या ती घरात बोलत राहिले. तिला लादिनो म्हणतात. भाषेचं व्याकरण छापलं गेलं त्याच वर्षी ती बोलणारी माणसं हाकलली गेली, हे शेजारी शेजारी ठेवून शिकवणारी शिक्षिका मिळायला भाग्य लागतं.

आता खरी तक्रार. अमेरिका खंडात स्पॅनिश अधिकृत भाषा असलेले १८ देश आहेत, शिवाय पुएर्तो रिको. त्या सगळ्यांना मिळून एक सत्र, सहावं, म्हणजे सगळे प्रकल्पाच्या धावपळीत असतात तेव्हाचं. केचुआ, नाउआत्ल, ग्वारानी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांवर जेमतेम एक तास. पाराग्वायमध्ये ग्वारानीही अधिकृत भाषा आहे. ‘तोमाते’ आणि ‘चोकोलाते’ नाउआत्लमधून आलेत, ‘पापा’ म्हणजे बटाटा केचुआतून. एवढ्यावर विषय गुंडाळला. आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीचीही भाषा स्पॅनिश आहे, तिचं नावही निघालं नाही. स्पेनला चार सत्रं आणि बाकीच्या जगाला उरलंसुरलं, ही वाटणी मला मान्य नाही.

हे दुखतं, कारण तीन वर्षांतला सगळ्यात चांगला तास त्याच सत्रात झाला. ३० एप्रिल १९७७ ला अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयरेसच्या प्लासा दे मायो या चौकात, सरकारी वाड्यासमोर, लष्करी राजवटीने उचलून नेलेल्या मुलांचा पत्ता विचारत चौदा आया जमल्या. जमाव करायला बंदी होती, म्हणून पोलीस म्हणाले, ‘सर्कुलेन’, म्हणजे थांबू नका, चालत राहा. त्या दोघी दोघी हात धरून चौकात फेऱ्या घालायला लागल्या आणि नंतर दर गुरुवारी घालत राहिल्या. डोक्याला पांढरा रुमाल, सुरुवातीला तर बाळाच्या दुपट्याचाच.

मग बाईंनी फळ्यावर एक क्रियापद लिहिलं, ‘देसापारेसेर’. नाहीसं होणे. अकर्मक आहे, त्याला कर्म लागत नाही. त्याखाली त्यांनी लिहिलं, ‘लो देसापारेसिएरोन’. त्याला नाहीसं केलं. व्याकरणात न बसणारं कर्म लोकांनी त्या क्रियापदाला जोडलं, कारण माणूस आपण होऊन नाहीसा झाला नव्हता, कुणीतरी केला होता. ‘देसापारेसिदो’ हे धातुसाधित मग नाम झालं. मराठीत ‘होणे’ आणि ‘करणे’ वेगळे असल्याने फरक आम्हाला लगेच कळला. वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. असा तास तिसऱ्या सत्रात घेतला, तर मुलं गळणार नाहीत.

ऐकणं आणि बोलणं ही या पदवीची सर्वांत कमकुवत बाजू आहे. सगळ्या ध्वनिफिती माद्रिदकडच्या, सावकाश, स्वच्छ बोलीतल्या. ‘वोसोत्रोस’ची, म्हणजे अनेकवचनी ‘तुम्ही’ची, रूपं आम्ही सहा सत्रं घोकली, स्पेनबाहेर रोजच्या बोलण्यात ती जवळजवळ नाहीतच. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘वोस’ येतं, त्याची क्रियापदं कुणी शिकवली नाहीत. तोंडी परीक्षा दहा मिनिटांची. क्युबातल्या बाईंची मुलाखत मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा शब्दाच्या शेवटचा ‘स’ हवेत विरत होता आणि मला एकेक वाक्य चार वेळा ऐकावं लागलं.

माहितीपत्रकात लिहिलं होतं, की पदवीअखेर विद्यार्थी बी-२ पातळीवर, म्हणजे युरोपीय मोजपट्टीच्या सहा पातळ्यांपैकी चौथीवर, पोचतो. इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या देले या स्पॅनिशच्या परीक्षेला मी त्याच पातळीसाठी बसले. तिथे दोन गट असतात: वाचन-लेखन आणि श्रवण-संभाषण. प्रत्येकात ५० पैकी ३० लागतात. मला पहिल्यात ४३ मिळाले आणि दुसऱ्यात २७, म्हणजे अनुत्तीर्ण. या दोन आकड्यांत पदवीचा सगळा तोल दिसतो. माहितीपत्रकातलं ते वाक्य विभागाने बदलावं, असं मी लेखी कळवलं आहे.

ग्रंथालयाबद्दल एक सूचना. तिथले जुने शब्दकोश चाळताना ‘चिको’ हा शब्द ‘सी’ अक्षरात सापडणार नाही. ‘सीएच’ आणि दुहेरी ‘एल’ ही तेव्हा वेगळी अक्षरं होती. १९९४ मध्ये कोशातला त्यांचा वेगळा क्रम गेला आणि २०१० मध्ये ती वर्णमालेतूनच वगळून २७ अक्षरं राहिली. शब्द नाही असं समजून मी अर्धी दुपार घालवली होती.

प्रवेश घेण्याआधी तीनच गोष्टी विचारा. दुसऱ्या वर्षीचा संस्कृतीचा विषय कोण शिकवतं, आठवड्याला बोलण्याचे तास किती, आणि लॅटिन अमेरिका कुठल्या सत्रात आहे. दोन उत्तरं समाधानाची मिळाली तरी नाव नोंदवा. वाचनाची आणि इतिहासाची ओढ असेल तर हे शिक्षण भरभरून देतं. कुणाला फक्त पटापट बोलता यायला हवं असेल, तर तीन वर्षं त्यासाठी फार आहेत आणि तेवढं करूनही बोलणं कच्चंच राहील.

देलेला मी नोव्हेंबरमध्ये पुन्हा बसतेय. त्या शेजारच्या बाकावरच्या मुलीबरोबर रोज रात्री वीस मिनिटं फोनवर फक्त स्पॅनिश बोलते. आम्ही एकमेकींना ‘वोस’ म्हणायचं ठरवलं आहे. त्यामुळे निदान त्या वीस मिनिटांत मी तिची काकू नसते.