मुंबईत उतरायचं कुठे: फोर्ट की दादर?

दोन दिवस मुलांना घेऊन मुंबई बघायची असेल, तर मी फोर्टच सांगेन. बजेटमधली खोली लहान असेल, कदाचित बाथरूमही सामायिक. पण गेटवे, वस्तुसंग्रहालय, जहांगीर आर्ट गॅलरी सगळं पायी होतं. घारापुरीची लाँचही गेटवेवरूनच सुटते (लेणी सोमवारी बंद, तो वार टाळा). टॅक्सीचे पैसे वाचतात, आणि दुपारी मुलं दमली की खोलीवर येऊन पडता येतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

दादरला पश्चिम आणि मध्य, दोन्ही मार्गांच्या लोकल मिळतात. सिद्धिविनायक, शिवाजी पार्क जवळ. मिसळ-थालीपीठ हाकेच्या अंतरावर. बोरिवली-ठाण्याला नातेवाइकांकडेही जायचं असेल, तर दादरच घ्या. फक्त स्टेशनजवळ रस्त्याच्या बाजूची खोली नको. फुलबाजार पहाटेच सुरू होतो.