दोनशे नव्व्याण्णव रुपयांचं ‘लाइफटाइम’

भाच्याला दहावीत ९१.४० टक्के पडले. नव्वदच्या वर गेलास तर हवा तो गेम घेऊन देतो, असा शब्द मी दिवाळीतच देऊन बसलो होतो. त्याला हवा असलेला गेम स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात ३,९९९ रुपयांना होता. निकालाच्या दिवशी मी पेढा खाल्ला, तो आकडा पाहिला आणि विषय बदलला.

पोरगं समजूतदार. दोन दिवसांनी स्वतःच फोन घेऊन आलं. “मामा, हा बघ. सेम गेम. दोनशे नव्व्याण्णव.”

पुढचं सगळं लिहायचं कारण एवढंच, की त्याच्या वर्गातल्या आणखी तिघांनी त्याच पानावरून हेच घेतलंय, आणि तिघांच्याही घरी याचा पत्ता नाही.

इन्स्टाग्रामवरचं पान. एक्केचाळीस हजार फॉलोअर. वर गोलगोल हायलाइट्स: ‘प्रूफ’, ‘व्हाउच’, ‘प्राइस लिस्ट’. प्रूफमध्ये गिऱ्हाइकांच्या चॅटचे स्क्रीनशॉट, ‘थँक्स ब्रो, वर्किंग’ छापाचे. सगळ्या पोस्टवर कमेंट बंद. आता हे वाचताना तुम्हाला खटकलं असेल, मला तेव्हा खटकलं नाही. मी पोटापाण्यासाठी नाशिकला एका सीएच्या ऑफिसात दिवसभर जीएसटीच्या पावत्या जुळवतो. पावतीवर जीएसटीचा नंबर चुकला तर ती परत पाठवतो. तोच मी क्यूआर स्कॅन केला, समोर कुणा बाईंचं नाव आलं, आणि तरी पिन टाकला. विकणाऱ्याने आधीच मेसेज केला होता, “दादा पेमेंटच्या नोटमध्ये गेमचं नाव टाकू नका.” मी ‘वह्या’ असं टाकलं. कॉमर्सचं शिक्षण असं कामी येतं.

मला वाटलं होतं गेमची ‘की’ येईल. सहसा पंधरा अक्षर-आकड्यांची असते ती, आपल्या खात्यात टाकली की गेम आपला. आलं ते दुसऱ्याच कुणाचं तरी स्टीमचं युजरनेम आणि पासवर्ड. ते टाकून लॉगिन करायचं, विक्रेत्याने पाठवलेला स्टीम गार्डचा, म्हणजे स्टीमच्या ओटीपीचा, कोड टाकायचा, गेम डाउनलोड करायचा, एकदा चालू करून पाहायचा आणि मग स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाकायचं. परत ऑनलाइन यायचं नाही. पासवर्डला हात लावायचा नाही. खात्यात गेम एकच. दुकानातले भाव टेंगेमध्ये दिसत होते. टेंगे हे कझाकस्तानचं चलन, हे मला त्या रात्री गूगल केल्यावर कळलं. भाचा म्हणाला, “मामा, गेम तर चालतोय ना?” चालत होता. छानच चालत होता.

या प्रकाराला ही पोरं ‘ऑफलाइन ॲक्टिव्हेशन’ म्हणतात. हे नेमकं आहे काय, ते फसल्यावर मी शोधून काढलं. आधी शोधलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

मोठ्या गेमना हल्ली डेनुवो नावाचं कुलूप असतं. कंपनी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गची, २०१४ च्या फिफा १५ पासून हे कुलूप दिसू लागलं. गेम पहिल्यांदा उघडला की ते तुमच्या कॉम्प्युटरचं वर्णन घेतं, प्रोसेसर कुठला, विंडोज कुठलं वगैरे, आणि गेम विकत घेतलेल्या खात्याच्या पुराव्यासोबत आपल्या सर्व्हरला पाठवतं. तिथून एक चिठ्ठी येते. या वर्णनाच्या मशीनवर या गेमला परवानगी आहे, असं समजा. ती चिठ्ठी मशीनमध्ये राहते, म्हणून पुढे नेट नसलं तरी गेम चालतो. आणि स्टीमवर अशा गेमच्या पानावर बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: एका दिवसात ५ वेगवेगळे पीसी. खऱ्या गिऱ्हाइकाने कॉम्प्युटर बदलला, लॅपटॉपवर टाकला, तर अडू नये म्हणून ठेवलेली ही सूट.

आमच्या विक्रेत्याचं दुकान याच सवलतीवर उभं. एक प्रत विकत घ्यायची, रोज पाच जणांना चिठ्ठ्या काढून द्यायच्या. २९९ गुणिले पाच, १,४९५. तिसऱ्या दिवशी प्रतीचे पैसे वसूल, पुढचा सगळा नफा. महिनाभर खातं टिकलं तर दीडशे गिऱ्हाइकं आणि ४४,८५० रुपये. तीस दिवसांत एवढा परतावा देणारा धंदा आमच्या ऑफिसातल्या एकाही क्लायंटचा नाही. अर्थात इथेही माझं गणित त्याने प्रत विकत घेतली या समजुतीवर चाललंय. कझाकस्तानातलं ते खातं कुणाचं, त्यावर कुणाचं कार्ड चाललं, देव जाणे.

विक्रेत्याची ‘लाइफटाइम’ वॉरंटी एकोणीस दिवस टिकली. रात्री विंडोजचा मोठा अपडेट आपोआप बसला, सकाळी भाच्याने गेम उघडला तर पडद्यावर लहानशी चौकट: नेटला जोडा, पडताळणी करायची आहे. मशीनचं वर्णन बदललं, चिठ्ठी बाद. विक्रेत्याला मेसेज केला. “१ मिनिट दादा.” संध्याकाळी: “आजचे स्लॉट फुल, उद्या.” उद्या: “अपडेट बंद ठेवायला सांगितलं होतं ना.” (सांगितलं नव्हतं.) परवा: “रिन्यूअल ९९.”

तेही मी दिले. इथे कुणी हसलं तर हसू दे.

खरी माती पुढे झाली. २० तारीख होती, जीएसटीचा ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, मी ऑफिसात मान वर करायच्या स्थितीत नव्हतो. भाचा घरी एकटा. विक्रेत्याने त्याला सांगितलं, आता नवीन पद्धत आलीय, खात्याची भानगडच नको, थेट तुझ्याच स्टीममध्ये गेम टाकून देतो. डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) बंद कर, स्टार्टवर राइट क्लिक, पॉवरशेल (कॉम्प्युटरला हुकूम द्यायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघड, ही ओळ पेस्ट कर, एंटर. निळ्या खिडकीत भराभर हिरवी अक्षरं गेली आणि शेवटी ‘सक्सेस’ आलं. भाच्याने मला तो क्षण नंतर तीनदा सांगितला, दरवेळी त्या हिरव्या अक्षरांपाशी येऊन थांबायचा. “मामा, लायब्ररीत खरंच गेम दिसत होता रे.” दिसतच होता. त्या ओळीने दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवरचा प्रोग्राम आणून ॲडमिनच्या अधिकारात चालवला होता. ज्याला स्टीमच्या आत हात घालता येतो त्याला बाकी कपाटंही उघडीच असतात.

रात्री साडेनऊला मावसबहिणीचा फोन. “दादा, तू क्रिप्टो कधीपासून करायला लागलास?” माझ्या इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर बँकेच्या बॅलन्सचा फोटो, खाली मी म्हणे दहा हजारांचे पन्नास हजार केले, आणि माझ्यासारखंच कुणाला करायचं असेल तर मेसेज करा. एका कॉलेजच्या मित्राने केलाही. त्याचे दोन हजार गेले. मी त्याला ते भरून दिले. तो नको म्हणाला नाही, आणि ते बरोबरच.

मला पडलेलं कोडं असं की माझ्या फोनवर ओटीपी आलाच नाही, मग खातं उघडलं कसं? उत्तर साधं आहे. घरच्या कॉम्प्युटरवर क्रोममध्ये मी लॉगिन राहू दिलं होतं. एकदा लॉगिन झालं की ब्राउझरमध्ये त्याची खूण साठते, म्हणूनच आपल्याला रोज पासवर्ड विचारला जात नाही. ती खूणच उचलून नेली की चोराला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. माझं स्टीमचं खातंही गेलं होतं, ईमेल बदललेला. जुन्या खरेदीच्या पावत्या होत्या म्हणून सपोर्टने चार दिवसांनी परत मिळवून दिलं. काउंटर-स्ट्राइक या गेममधल्या पाच-सहा स्किन्स (बंदुकांवरची विकाऊ नक्षी) गेल्या त्या गेल्या.

कुणावर अशी वेळ आली असेल तर घाईत माझ्यासारखा घोळ करू नका. मी त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलत सुटलो, म्हणजे नव्या कुलपाची किल्लीही चोराच्याच हातात. आधी नेट काढा. दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, ईमेलचा सगळ्यात आधी, आणि ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ करा. विंडोज पुसून नव्याने टाका, अँटिव्हायरसने ‘क्लीन’ म्हटलं तरी. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. मित्राने केला, तक्रारीचा नंबर मिळाला, पैसे तोवर पुढच्या खात्यात गेले होते.

आणि मी माझ्या ३९८ रुपयांसाठी केला का? नाही केला. काय सांगणार होतो? परक्याच्या खात्यातला गेम चोरून चालवायला पैसे दिले आणि तो नीट चालला नाही? विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. त्याचं गिऱ्हाईक आधीच अर्धं गुन्हेगार झालेलं असतं, ते बोंब मारणार नाही.

आता कुणी म्हणेल, कंपन्याच लुटतात त्याचं काय? हे वाक्य त्या विक्रेत्याच्या पानावरही आहे. आणि वाईट हे की ते अगदीच खोटं नाही. माझ्या कपाटात २००४ साली लॅमिंग्टन रोडवरून पूर्ण पैसे देऊन आणलेली एका गेमची ओरिजिनल सीडी आहे. तिच्यावर सेफडिस्क नावाचं कुलूप होतं. त्या कुलपाचा ड्रायव्हर धोकादायक म्हणून विंडोज १० ने तो चालवणंच बंद केलं. सीडी शाबूत, गेम बंद. त्याच रस्त्यावर त्या काळी फुटपाथवरून घेतलेली पायरेटेड सीडी मात्र आजही चालते, कारण तिच्यातलं कुलूप कुणीतरी तेव्हाच काढून टाकलं होतं. २००८ च्या ‘स्पोर’ने पैसे भरलेल्या लोकांना सुरुवातीला फक्त तीन इन्स्टॉल दिले होते. २०१४ चा ‘द क्रू’ ३१ मार्च २०२४ ला सर्व्हरसकट बंद झाला, ज्यांनी विकत घेतला होता त्यांच्याही हातात काही उरलं नाही. कॅलिफोर्नियाने मग कायदाच केला, की गिऱ्हाइकाला मालकी मिळत नसून परवाना मिळतो हे विकतानाच सांगा. स्टीमवर आता पैसे भरायच्या आधी ती ओळ दिसते.

कुलूप लावणाऱ्यांचीही बाजू आहे. मोठ्या गेमची बरीचशी कमाई पहिल्या काही आठवड्यांतच होते, तेवढे दिवस क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली प्रत, आला नाही तरी त्यांचं भागतं. म्हणून काही जण नंतर कुलूप काढूनही टाकतात. ‘डूम’ मे २०१६ मध्ये आला, डिसेंबरात त्यातलं डेनुवो निघालं. जीओजी हे दुसरं ऑनलाइन दुकान तर २००८ पासून बिनकुलपाचेच गेम विकतं, इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर ठेवा, नेट लागत नाही. नवा मोठा गेम तिथे पहिल्या दिवशी क्वचितच मिळतो, हा त्यातला तोटा.

पण दोनशे नव्व्याण्णववाला या भांडणात गरिबाच्या बाजूने उभा आहे, हे मी आता ऐकून घेणार नाही. डेनुवो नसतं तर क्रॅक फुकट मिळाला असता आणि याच्या दारात कुत्रंही फिरकलं नसतं. ते कुलूप आहे म्हणून तर याचं दुकान आहे. कंपनीला शिव्या घालत तो कंपनीच्याच कुलपावर जगतो.

स्वस्तात ‘की’ विकणाऱ्या परदेशी बाजारांबद्दलही भाच्याने विचारलं. तिथे निदान गेम आपल्या खात्यात येतो, पण ती ‘की’ आली कुठून हे कळत नाही. जानेवारी २०१५ मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ‘फार क्राय ४’च्या कितीतरी प्रती लोकांच्या खात्यांतून काढून घेतल्या, कारण त्या चोरीच्या कार्डांवर घेऊन पुढे विकलेल्या होत्या. ज्यांनी आधीच खेळायला सुरुवात केली होती त्यांना नंतर परत दिल्या, बाकीच्यांना विक्रेत्याकडे बोट दाखवलं.

शेवटी आम्ही काय केलं? गेम विशलिस्टला टाकला आणि थांबलो. स्टीमचा हिवाळी सेल डिसेंबरात येतो. ३,९९९ चा गेम १,५९९ ला मिळाला, माझ्या यूपीआयवरून, ईमेलवर पावती. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो, तेही भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “मामा, माहितीये रे.”

रविवारी दुपारी डाउनलोड संपला. त्याने प्ले दाबलं आणि लाइट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, पण गल्लीतला फायबरचा डबा नव्हता. पडद्यावर तीच चौकट: नेटला जोडा, पडताळणी करायची आहे. या वेळी पावती खिशात असून. माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावायचा तर टॉवरही गेलेला. भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मी महावितरणला फोन लावला, तो लागला नाही. बहिणीने आतून विचारलं, चहा टाकू का? टाक म्हटलं.