सिस्टमडी-ऊमडी, सात महिन्यांनंतर: काम मारा, पण सांगून मारा

माझ्या लॅपटॉपची 8 जीबी रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असल्यामुळे ती वाढवता येत नाही, आणि तेवढ्यासाठी नवा लॅपटॉप घेण्याची माझी तयारी नाही. म्हणून मेमरीचा कारभार लिनक्सनेच सांभाळावा या हेतूने सात महिन्यांपूर्वी मी झेडरॅमवरचे स्वॅप (रॅममध्येच डेटा दाबून ठेवून जागा करणारी सोय) आणि त्याच्या जोडीला सिस्टमडी-ऊमडी (मेमरी अपुरी पडू लागली की एखादे काम बंद करणारी पहारेकरी सेवा) सुरू केले. झेडरॅमबद्दल तक्रार नाही. मध्यंतरी पाहिले तेव्हा सुमारे 3 जीबी डेटा 1 जीबीत दाबून बसवलेला होता, तोही फुकटात.

तक्रार ऊमडीची आहे. तिसऱ्या महिन्यात एका जुन्या मासिकाची 412 स्कॅन केलेली पाने टेसरॅक्टला (चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामला) देऊन मी जेवायला गेलो आणि परत आलो, तर टर्मिनलची खिडकीच नाहीशी झालेली होती. अर्धा तास डिस्कवर संशय घेतल्यानंतर जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, एक ओळ सापडली: मेमरीवरचा दाब 60 टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा 30 सेकंदांहून जास्त वेळ चढा राहिल्याने हा गट बंद केला.

हा दाब म्हणजे किती मेमरी भरली याचा आकडा नव्हे. 2018 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल 4.20 मध्ये आलेली पीएसआय ही सोय, मेमरी मिळेपर्यंत कामे किती वेळ खोळंबली, हे मोजते. ऊमडी त्यावर नजर ठेवते आणि ज्या सीग्रुपपायी (एकत्र बांधलेल्या कामांच्या गटापायी) कर्नलला मेमरीची सर्वांत जास्त पाने, म्हणजे तिचे छोटे तुकडे, चाळावी लागली तो अख्खा गट संपवते. ब्राउझरने दुप्पट मेमरी अडवली होती, तरी तो सुटला. माझ्या टर्मिनलचे सगळे टॅब मात्र एकाच गटात असल्यामुळे टेसरॅक्टबरोबर शेजारच्या टॅबमधले न जपलेले टिपणही गेले.

रागाच्या भरात मी ऊमडी बंद केली. चारच दिवसांत तेच काम सुरू असताना माउस जागच्या जागी थिजला आणि वीस मिनिटे वाट पाहून मला पॉवरचे बटण दाबून धरावे लागले. कर्नलचा स्वतःचा ओओएम किलर (मेमरी संपल्यावर कामे मारणारा भाग) मेमरी कुठूनच मिळेनाशी झाल्यावरच हालचाल करतो आणि तोवर स्क्रीन निर्जीव झालेली असते. तेव्हा माझे आधीचे मत मी निमूटपणे मागे घेतले आणि ऊमडी पुन्हा सुरू केली. आता टेसरॅक्ट सिस्टमडी-रन या आज्ञेने वेगळ्या स्कोपमध्ये, म्हणजे स्वतंत्र गटात, चालवतो, एका वेळी चारऐवजी दोनच पाने देतो, आणि गेल्या तीन महिन्यांत ते काम एकदाही मध्ये तुटलेले नाही.

तरीही एक गोष्ट मला अजून पटलेली नाही. बॅटरी उतरली की हा लॅपटॉप सांगतो, अपडेट आले की दिवसातून दोनदा सांगतो, मग ज्या कामाचा स्वतःच्या हाताने गळा घोटला त्याबद्दल एक ओळ पडद्यावर दाखवायला कोणती मेमरी लागते? इतकी बारीक मोजमापे ठेवणाऱ्या यंत्रणेने माझ्या हद्दीतला निर्णय परस्पर घ्यावा आणि त्याची नोंद अशा जागी ठेवावी, जिथे सामान्य माणूस जन्मात डोकावणार नाही, हे मला उद्धटपणाचे वाटते.

शेवटी जर्नलवर लक्ष ठेवून सूचना दाखवणारी सहा ओळींची स्क्रिप्ट मीच लिहिली. आजवर ती दोनदा बोलली. दोन्ही वेळा ब्राउझर गेला होता, आणि त्याचे मला फारसे दुःख झाले नाही.