पिकअपला पाटा वाढवला, मग काढला : घणसोलीतून दोन वर्षांचा रिव्ह्यू

गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाय, नायतर तुझी भारी का माझी भारी एवढंच चालू होतं आणि मुद्दा बाजूला. १.७ टनी पिकअप आहे (म्हणजे तेवढा माल भरायची), अडीच लिटर डिझेल, नऊ फुटी हौदा (मागचा माल भरायचा भाग), पिवळी नंबरप्लेट, एमएच-४३ पासिंग. आमचं मंडप डेकोरेशनचं काम, राहायला घणसोली, गोडाऊन रबाळे एमआयडीसीत. आधी दहा वर्षं भाड्याचा टेम्पो सांगायचो आणि ऐन लग्नसराईत टेम्पोवाला फोनच उचलायचा नाही, म्हणून शेवटी स्वतःची घेतली. घरातले सगळे अजून तिला टेम्पोच म्हणतात. तसं बघायला गेलं तर टेम्पो हे कंपनीचं नाव, पुण्याची बजाज टेम्पो, ती २००५ ला फोर्स मोटर्स झाली तरी आपल्याकडे सामान वाहणारं काहीही असो, टेम्पोच.

तर हा रिव्ह्यू गाडीचा कमी आणि मी गाडीवर जे काय काय करून घेतलं त्याचा जास्त. वर पाटा म्हटलंय तो म्हणजे मागच्या एक्सलवर स्प्रिंगचं काम करणारी लोखंडी कमानपट्टी. दोन वर्षांत नव्वद हजाराच्या आसपास घातले, त्यातले निम्मे पाण्यात गेले.

घेताना १.३ टनी का १.७ टनी यावर घरात महिनाभर खल. १.३ वाल्याचा फायदा असा की ग्रॉस वजन (गाडी अधिक माल) ३,००० किलोच्या आत असलं तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, म्हणून त्यातल्या बऱ्याच गाड्या बरोबर त्या आकड्याच्या जरा खाली बसवलेल्या असतात. माझ्या गाडीच्या आरसीवर ग्रॉस ३,४९० आहे, म्हणजे परमिट आलंच. पण आमचा माल असा आहे की १.३ मध्ये दोन फेऱ्या झाल्या असत्या. ड्रायव्हरच्या लायसनचं टेन्शन होतं, ते ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने मिटवलं, साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसनवर साडेसात टन ग्रॉसपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालते, वेगळा शिक्का नको. हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाहीये.

आता हौदा. पहिल्याच महिन्यात गाडी तुर्भ्याला एका दुकानात नेली (नाव नको), कारण आमचे लोखंडी पाइप खालच्या पत्र्यावर आपटून पत्रा चेपायला लागला होता. दुकानवाला म्हणाला शेठ, एकदाच काय ते मजबूत करून घ्या, ५ एमएमचा चेकर प्लेट (खडबडीत नक्षीचा जाड पत्रा) टाकतो, साइडला एक फूट उंची वाढवतो, पुढे केबिनवर कॅरियर देतो, दहा वर्षं बघायला नको. मी पण शेठ म्हटल्यावर फुगलो आणि हो म्हटलं. काम दिसायला एक नंबर झालं, वेल्डिंग साफ, ग्राइंडिंग साफ, रंग पण चांगला. त्याच्या कामात खोट नव्हती, खोट माझ्या डोक्यात होती, कारण लोखंडाला वजन असतं हे मी विचारातच घेतलं नाही.

हिशोब सांगतो, कारण हा हिशोब मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. चेकर प्लेट ३ एमएमचा असला तर चौरस मीटरला साधारण २५ किलो, ५ एमएमचा असला तर ४० च्या वर. हौद्याचा तळ धरा साडेचार चौरस मीटर. म्हणजे नुसता तळाचाच १९० किलो झाला, वर साइडचे अँगल, कॅरियर, सगळं मिळून तीनशे. रबाळ्याच्या वजनकाट्यावर रिकामी गाडी घातली, ड्रायव्हरला खाली उतरवून, तर २,०५०. आरसीवर रिकामी गाडी १,७५०. आता ३,४९० मधून २,०५० वजा करा, राहिले १,४४०. म्हणजे १.७ टनाची गाडी मी स्वतःच्या पैशाने १.४ ची करून घेतली आणि वर दुकानवाल्याला मिठाई पण दिली.

आणि आमचा माल काय असतो, दीड इंची पाइप, मीटरला साडेतीन किलोच्या आसपास, दहा फुटी एक पाइप ११ किलो, असे १०० पाइप म्हणजे अकराशे. स्टेजला १९ एमएमचं आठ बाय चार प्लाय, एकेक ३५-३७ किलोचं, पंधरा नग. झाले साडेसोळाशे. कंपनीच्या हौद्यात बरोबर बसलं असतं, माझ्या मजबूत हौद्यात दोनशे किलो ओव्हरलोड. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे, तेव्हा दोनशे किलो म्हणजे काय मोठं असं म्हणून चालत नाही.

आमचे आबा माथाडी होते, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला तीस वर्षं पाठीवर गोणी. त्यांचा काटा वेगळा. गाडी भरली की ते मागे उकिडवे बसतात आणि पाटे बघतात, पाटा सपाट व्हायला लागला की म्हणतात, "बस कर लेका, आता वर एक खुर्ची पण नको." आणि खरंच काट्याला आणि त्यांच्या डोळ्याला पन्नास किलोपेक्षा जास्त फरक पडला नाही कधी. हे सांगायचं कारण पुढे आहे.

गाडी मागून बसते म्हणून चौथ्या महिन्यात त्याच तुर्भ्याच्या दुकानवाल्याने सुचवलं, दोन्ही साइडला एकेक पाटा वाढवा. पिकअपवाल्यांत कुणालाही विचारा, शंभरातले नव्वद हेच सांगतील, पाटा वाढव बिनधास्त भर. वाढवला. भरलेली गाडी एकदम ताठ, बसायचं नाव नाही, मी खूश. आबा मागे बसले, पाटे बघितले आणि म्हणाले, "आता मला काय कळत नाय बाबा." मी हसलो. हसायला नको होतं, कारण पाटा वाढवला की वजन कमी होत नाही, फक्त दिसायचं बंद होतं. एक्सल तोच, बेअरिंग तीच, ड्रम तेच, टायरवर लिहिलेला लोड तोच, चासी तीच, एकटा पाटा काय करणार.

मग एकेक सुरू झालं. रिकामी गाडी उड्या मारायला लागली, ठाणे-बेलापूर रोडला उड्डाणपुलाच्या प्रत्येक जॉइंटला मागचा भाग हवेत. कासारवडवलीचा एक हॉल उतरवून रात्री एकला परत येत होतो, मागे फायबरचे चार खांब आणि दोन काचेची झुंबरं, बाकी गाडी मोकळी, घोडबंदर रोडचे पावसातले खड्डे तुम्हाला सांगायला नको, माजिवड्यापर्यंत आलो तर मागून काचेचा आवाज. थांबून बघितलं, एक झुंबर संपलेलं, दुसऱ्याच्या लोलकांचा चुरा. माल भरलेला असताना कधी काही फुटलं नव्हतं, रिकाम्या गाडीत फुटलं. दुसरं म्हणजे मागून गाडी उचलली गेल्यामुळे हेडलाइटचा झोत खाली आला, मुंब्रा बायपासला रात्री पुढचा रस्ताच दिसेना, ड्रायव्हर म्हणे बल्ब बदला, बल्ब बदलले, काही फरक नाही. तिसरं, पुढचे ब्रेक पॅड. पहिला सेट चांगला टिकला होता, दुसरा त्याच्या निम्म्यात घासून संपला, आणि ब्रेक मारला की गाडी नाकावर बसायची पण थांबायला वेळ घ्यायची. पातलीपाडा ब्रिज उतरताना एकदा पुढच्या रिक्षापासून हातभर अंतरावर थांबलो. त्या दिवशी ठरवलं की आता दुसरीकडे दाखवायची.

कळंबोली. स्टील मार्केटच्या बाजूला ट्रकवाल्यांची सगळी कामं होतात तिथे एक कमानपाट्याचा मिस्त्री आहे, दुकानाला पाटी नाही, एक भट्टी, एक ऐरण आणि पाट्यांचा ढीग. सांगलीकडचा माणूस, वय साठीच्या पुढे. मी आपलं झुंबर, हेडलाइट, पॅड सगळं सांगत होतो, त्याने ऐकलं का नाही माहीत नाही, तो गोणपाट टाकून गाडीखाली गेला आणि आतून म्हणाला, "इकडं या जरा, वाका." मागच्या एक्सलपासून वर चासीकडे एक बारीक दांडी जाते, ती बोटाने हलवून दाखवली. ही एलएसपीव्हीची दांडी. म्हणजे काय तर गाडी भरली की चासी खाली येते, दांडी सरकते, व्हॉल्व्हला कळतं की वजन आहे आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की चासी वर, मग मागचं प्रेशर कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू नये. "तुम्ही पाटा घातला, चासी वरच राहिली. गाडीला वाटतंय ती रिकामीच हाय, आन तुम्ही दीड टन भरून ब्रेक मारताय."

इतके महिने मी अर्ध्या ब्रेकवर लग्नाचा माल ठाण्याला नेत होतो. पोटात गोळा आला माझ्या.

त्याने वाढवलेला पाटा दोन्हीकडचा काढला. कंपनीच्या पाट्यांची कमान एका बाजूला उतरली होती, ते पाटे सुटे करून ऐरणीवर ठोकत बसला, एका लाकडी फळीवर खडूने वक्र काढलेला, त्याला लावून लावून बघायचा, परत ठोकायचा. मध्ये चहा नाही, फोन नाही. सेंटर बोल्ट नवीन, शॅकलचे बुश नवीन, पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवीन. मी म्हटलं यू-बोल्ट तर चांगले दिसतात की, तर म्हणाला एकदा ताणून सुटलेला यू-बोल्ट परत वापरत नाहीत, आणि पाचशे किलोमीटर माल भरून चालवली की परत येऊन आवळून घ्या, पैसे नाहीत त्याचे. व्हॉल्व्हच्या दांडीला मात्र हात लावला नाही. म्हणाला ते माझं काम नव्हे, सर्व्हिस सेंटरला मापाने सेट करून घ्या. जिथे आपल्याला येत नाही तिथे नाही म्हणणारा कारागीर मला या दोन वर्षांत हा एकच भेटला. मजुरी, सामान सगळं धरून तुर्भ्याला पाटा घालायला जेवढे दिले त्यापेक्षा कमी. पाचात पाच. एकच तक्रार, बसायला जागा नाही आणि भट्टीजवळ मे महिन्यात तीन तास म्हणजे आपलीच कमान निघते.

मग हौदा पण आवरता घेतला. ५ काढून ३ एमएमचा प्लेट, साइडची वाढवलेली उंची आणि कॅरियर दोन्ही काढलं, रिकामी गाडी आता काट्यावर १,९००. आहेत १,५९० किलो भरायला, त्यात बसवतो, पाच-सहा पाइप कमी नेतो. वीसफुटी पाइप तर आता ठेवतच नाही, हौद्याच्या बाहेर लोखंड काढायला २०१४ पासून बंदीच आहे आणि ती बरोबर आहे, मागून बाइकवाला येतो त्याला रात्री दिसत नाही.

बाकी बारीकसारीक. ताडपत्रीची काढता येणारी फ्रेम, नटबोल्टवाली, पैसा वसूल, जूनमध्ये कापड कोरडं राहिलं की सगळं निघालं. दोरीऐवजी रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे घ्या, चार पट्टे पुरतात, झुंबर गेल्यावर घेतले, आधी घ्यायला हवे होते. रिव्हर्स कॅमेरा घ्या, घणसोली गावठाणात रिव्हर्स घेऊन बघा मग कळेल. खालून गंजाचा कोटिंग मारून घ्या, आपल्याकडे खाडीची हवा आहे, ऐरोली ते बेलापूर सगळी, पावसाळ्यानंतर चासीच्या आतल्या बाजूला हात फिरवला की तपकिरी होतो. चासीला मात्र कुणाला वेल्डिंग करू देऊ नका, भोक पण पाडू देऊ नका, कितीही शेठ म्हणू दे.

पुढचा लोखंडी गार्ड बसवणार होतो, नाही बसवला. केंद्राने डिसेंबर २०१७ लाच राज्यांना कळवलंय की हे चालणार नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने परस्पर केलेल्या एकेका बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद असं कलम आहे. माझ्या साइड आणि कॅरियरचं नशीब की कुणी विचारलं नाही. चुलतभावाने रुंद टायर टाकले, २१५ चे काढून २३५, त्याला म्हटलं चाक चार टक्क्यांनी मोठं झालं, मीटर ८० दाखवतो तेव्हा तू ८३ ला आहेस आणि चढाला गाडी ओढणार नाही. ऐकतोय कुठे, दिसते भारी म्हणतो. दिसते भारी, खरंय.

मागे काय लिहायचं यावरून घरात अजून वाद आहे. बायको म्हणते धंद्याचा नंबर टाका, आबा म्हणतात खंडोबाचं नाव. तोपर्यंत मागची फळी कोरीच आहे.

गाडी भरली की आबा परत मागे उकिडवे बसतात आता. कालच घणसोलीतलाच एक साखरपुडा भरत होतो, त्यांनी पाट्याकडे बघितलं आणि बोट वर केलं, सोफ्याची एक खुर्ची उतरवली आम्ही. गुरुवारी पाचशे किलोमीटर होतायत, यू-बोल्ट आवळायला कळंबोलीला जाणार आहे. तुम्ही गेलात तर सकाळी जा, दुपारी दोन ते चार तो त्या पाट्यांच्या ढिगाशेजारीच झोपतो आणि उठवलं तर काम करत नाही.