दिवाळी ते जून : फोमच्या फ्लाइंग विंगचा अनुभव

दिवाळीनंतर जोडायला घेतलेली ही ईपीपीची (रबरासारखा लवचिक फोम) फ्लाइंग विंग, म्हणजे शेपूट नसलेलं, नुसत्या पंखांचं रिमोटवरचं विमान, पाऊस लागेपर्यंत मनसोक्त उडवून झाली. घ्यावी का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगतो: फोमला नाव ठेवायला जागा नाही, किटमधल्या बाकीच्या गोष्टींना आहे. आणि हे तुमचं पहिलंच विमान असेल तर सध्या थांबा.

पंखांचा पसारा एक मीटर. खोक्यात गरम तारेने कापलेले दोन पंख, कार्बनच्या नळ्या, बाल्साच्या हलक्या लाकडाचे एलेव्हॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या), सनपॅकचे (पोकळ प्लास्टिक शीटचे) विंगलेट (पंखांच्या टोकांवरचे उभे तुकडे), मोटर बसवायला प्लायचा तुकडा आणि एकपानी माहितीपत्रक. बाकी आपलं आपण बघायचं. मी 2212 मोटर, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा), 9 ग्रॅमचे दोन सर्व्हो (एलेव्हॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि 3एस 2200ची लिपो (तीन सेलची, 2200 एमएएचची बॅटरी) टाकली. सगळं मिळून वजन पाऊण किलोच्या आसपास.

ज्या ठोकळ्यातून पंख कापलेत त्याचे वरचे-खालचे उरलेले भाग खोक्यात येतात. ते पॅकिंग समजून फेकू नका. पंख त्यात ठेवून, वर जाड पुस्तकांचं वजन देऊन कार्बन नळी चिकटवली की पंख पिळत नाही. ही सगळ्यात कामाची गोष्ट, आणि माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नाही! फिलामेंट टेप थेट ईपीपीवर लावा म्हणतात, पण ती दोन दिवसांत उचलते. आधी स्प्रेच्या गोंदाचा हलका हात द्या, चिकटपणा जरा मरू द्या, मग टेप लावा. फेविक्विक ईपीपीवर बिनधास्त चालतं. थर्माकोलला मात्र ते खाऊन टाकतं.

मोटरच्या प्लायला ग्लू गनवर अजिबात भरवसा ठेवू नका. एप्रिलमध्ये बंद गाडीत विमान राहिलं की तो गोंद लोण्यासारखा मऊ पडतो आणि मोटरचा कोन हलतो. तिथे अराल्डाइटच हवं.

आता खरा मुद्दा, सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू. शेपटीच्या विमानात बॅटरी सेंटीमीटरभर इकडेतिकडे झाली तर निभावून जातं. इथे शेपूटच नाही; नाक वर धरायचं काम एलेव्हॉन किंचित वर ठेवूनच करायचं, म्हणून पाच मिलिमीटरही हाताला जाणवतात. सरासरी कॉर्डच्या (पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) पुढून 15 ते 20 टक्क्यांत सीजी ठेवला की विंग शहाण्यासारखी वागते. किटवरची खूण त्याच्या चांगली मागे होती. त्या खुणेवर नाक सतत वर-खाली करत होतं आणि वेग कमी झाला की एका पंखावर कोसळत होतं. बॅटरीची खाच पुढे वाढवली, एलेव्हॉन दोन-तीन मिलिमीटर वर धरले, रिमोटवर एक्स्पो (स्टिक मधोमध असताना हालचाल सौम्य करणारी सेटिंग) 30 टक्के दिला, आणि तेच विमान हात सोडून उडवण्याइतकं शांत झालं. विक्रेत्याने ती खूण बदलायला हवी. नवशिक्याचं विमान पहिल्याच फेकीत मोडतं ते या खुणेपायी.

फेकताना मोटरचा पंखा (प्रोपेलर) मागे असतो, म्हणजे बोटांच्या वाटेत. आधी फेका, मग थ्रॉटल द्या.

पोटावर उतरवताना एलेव्हॉन जमिनीला घासतात आणि प्लास्टिकच्या गिअरचे सर्व्हो दात सोडतात. टेकायच्या क्षणी स्टिक मागे असू द्या, आणि सरळ मेटल गिअरचेच सर्व्हो घ्या.

आमच्या भागात मोकळं रान कमी, ऊस जास्त. विंग उसात उतरली की फोमला काही होत नाही, पण दोन हातांवरून दिसत नाही. बझर (विमान शोधायला वाजणारा छोटा भोंगा) नसेल तर रिमोट चालूच ठेवा आणि एका जागी उभं राहून स्टिक हलवत राहा. सर्व्होची किरकिर पाचटाच्या सळसळीतही ऐकू येते. फुल शर्ट घाला, पात हात कापते. आणि रानमालकाला विचारल्याशिवाय उसात शिरू नका.

नियमांचं थोडक्यात: 2021च्या ड्रोन नियमांप्रमाणे दोन किलोपर्यंत, धंद्यासाठी नसेल तर पायलटचा परवाना लागत नाही. पण डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा ग्रीन झोनमध्ये (जिथे वेगळी परवानगी लागत नाही) आहे का ते बघा. तिथे मर्यादा 400 फूट, आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फूट.

इतक्या महिन्यांत पुढची कड झिजली, टेप दोनदा बदलली, एक लिपो फुगली (भर उन्हात पूर्ण चार्ज करून ठेवलेली टिकत नाही, सेलला 3.8 व्होल्टवर ठेवा). पंख मात्र सरळच आहेत. विंगलेट तुटले तर नवे मागवत बसू नका, फ्लेक्सवाल्याकडे सनपॅकचे तुकडे पडलेले असतात. माझ्या डाव्या विंगलेटवर सध्या ‘प्रवेश सुरू’मधलं ‘सुरू’ आहे.