मोंबासातील फ्रिअरटाऊन–राबाई सहल: एका नाशिककराचा अभिप्राय

केनियातील मोंबासा शहरात राहणाऱ्या मेहुण्याकडे गेलो असताना आम्ही तेथील एका स्थानिक सहल-कंपनीची, मार्गदर्शकासह एक दिवसाची सहल घेतली. फ्रिअरटाऊन आणि राबाई ही त्यातील दोन मुख्य ठिकाणे होती आणि गुलामीतून सुटलेली मुले व त्यांना सांभाळणारी मिशनरी कुटुंबे हा तिचा विषय होता. आमच्यासारख्या नाशिकच्या ख्रिस्ती कुटुंबाला या विषयाचे आकर्षण वाटणे साहजिक होते, कारण या मुलांपैकी अनेकांचे बालपण आफ्रिकेत नव्हे, तर आज ज्या शरणपूर रोडवरून आपण रोज ये-जा करतो त्याच परिसरात गेले.

सहलीचे मूल्यमापन करण्यापूर्वी हा धागा सांगणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश नौदल अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडत असे आणि त्यांवरील आफ्रिकी मुलांपैकी बरीच मुंबईत उतरवली जात. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली होती, आणि १८६०च्या सुमारास तेथे या मुलांसाठी ‘आफ्रिकन असायलम’ सुरू झाले. तेथे त्यांना अक्षरओळख, बायबल आणि सुतारकाम-लोहारकामासारखे हातचे कसब शिकवले जाई. पुढे, एके काळी मुंबईचे गव्हर्नर असलेले आणि किल्ल्याची तटबंदी पाडणारे म्हणून आपल्याला ठाऊक असलेले सर बार्टल फ्रिअर १८७३ मध्ये गुलामांचा व्यापार थांबवण्याच्या वाटाघाटींसाठी झांझिबारला गेले, आणि मुक्त झालेल्यांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसाहत हवी हा विचार बळावला. ती उभारण्यासाठी मिशनने निवडले ते नाशिकच्या प्राइस यांनाच. ते १८७४ मध्ये मोंबासाला पोहोचले, पुढच्या वर्षी वसाहत उभी राहिली आणि तिला फ्रिअर यांचे नाव मिळाले.

आता सहलीविषयी. गाडी ठरलेल्या वेळी दारात आली, चालक संयमी होता आणि पाण्याच्या बाटल्या न मागता मिळाल्या. सोबत वयस्कर सासूबाई असल्यामुळे या गोष्टींचे महत्त्व आम्हाला अधिक जाणवले. न्याली पूल ओलांडून गेल्यावर पहिला थांबा केंगेलेनी येथे होतो. किस्वाहिलीत ‘केंगेले’ म्हणजे घंटा, आणि भर चौकातील त्या जुन्या घंटेवरूनच या भागाला हे नाव पडले. गुलामांचे व्यापारी चालून आले की वसाहतीला सावध करण्यासाठी ती वाजवली जाई, असे सांगतात. वाहनांच्या कल्लोळात तेथे पाच मिनिटांपेक्षा जास्त उभे राहवत नाही. जवळचे इमॅन्युएल चर्च मात्र शांत आहे. आम्ही तेथे थोडा वेळ बसलो, आणि सासूबाईंनी हलक्या आवाजात एक मराठी गीत म्हटले. बाकावर बसलेल्या दोन वृद्ध स्त्रियांनी मान डोलावून साथ दिली.

येथेच सेवेतील पहिली मोठी उणीव दिसली. मार्गदर्शक तरुण होता, त्याचे इंग्रजी उत्तम होते आणि बोलण्यात आपुलकी होती. परंतु ‘बॉम्बे आफ्रिकन्स’, म्हणजे मुंबईत उतरवलेले आणि भारतात वाढून परतलेले हे आफ्रिकी, त्याच्या समजुतीप्रमाणे मुंबईहून आलेले भारतीय व्यापारी होते. नाशिकचे नाव त्याने ऐकलेच नव्हते. परिणामी त्याच्या तोंडून येणारी कथा अशी होती की गोरा पाद्री आला, त्याने जमीन मिळवली आणि मुलांना आसरा दिला. यातील एकही वाक्य खोटे नाही, पण कथा अर्धी आहे. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे नाशिकला वाढलेले आफ्रिकी तरुण १८६४ मध्येच, म्हणजे प्राइस येण्याच्या दहा वर्षे आधी, राबाईच्या मिशन केंद्रावर कामाला आले होते. पुढे १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी या दोघांना दीक्षा दिली. अनाथगृहात वाढलेली मुलेच पुढे स्वतः पाळक झाली, ही या सहलीतील सर्वांत मोलाची गोष्ट ठरली असती, आणि नेमकी तीच गाळली गेली होती.

दुसरा आक्षेप मार्गाच्या आखणीवर आहे. फ्रिअरटाऊन उत्तरेला, तर राबाई वायव्येला माझेरासच्या बाजूला. त्यामुळे पुन्हा मोंबासाच्या बेटावर येऊन नैरोबी महामार्गावरील मालमोटारींच्या रांगेत ताटकळावे लागते आणि राबाईला पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर येते.

राबाईने मात्र ही कसर भरून काढली. जर्मन मिशनरी योहान लुडविग क्राफ १८४४ मध्ये मोंबासाला आले आणि त्याच वर्षी त्यांची पत्नी रोझिना व नवजात मुलगी तापाने दगावल्या. त्यानंतरही ते परतले नाहीत आणि १८४६ मध्ये सहकारी योहानेस रेबमान यांच्यासह त्यांनी राबाईच्या टेकडीवर केंद्र सुरू केले. क्राफ यांच्या नावाचे छोटे संग्रहालय, त्या दोघांची जुनी घरे आणि सेंट पॉल चर्च हे सर्व एकाच आवारात पाहता येते. मार्गदर्शकाने येथे घाई केली नाही, हे मुद्दाम नमूद करतो. चर्चच्या सावलीत मी त्याला जेकब वेनराइटविषयी सांगितले: नाशिकला शिकलेला हा तरुण आफ्रिकेचे शोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात होता, १८७३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे हृदय आफ्रिकेतच पुरताना त्यानेच दफनाची प्रार्थना वाचली आणि झाडावर त्यांचे नाव कोरले, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधील अंत्यविधीला तो हजर होता. त्या मुलाने लगेच मोबाइलमध्ये सर्व टिपून घेतले आणि ‘नाशिक’ हा शब्द तीन वेळा म्हणून पाहिला. चूक दाखवल्यावर न रागावणारा मार्गदर्शक विरळा, म्हणून मी त्याचे गुण कापले नाहीत. कापले ते त्याला तयार न करणाऱ्या कंपनीचे.

दुपारचे जेवण शुल्कात धरलेले होते: नारळाच्या दुधातील तुरी, म्हणजे तेथील ‘म्बाझी’, आणि वेलदोड्याचा वास असलेली, पावासारखी तळलेली ‘महामरी’. कोकणातल्या माणसाला हे ताट परके वाटणार नाही.

परतीच्या वाटेवर आजच्या एका अनाथगृहाला भेट आणि ‘मुलांसोबत छायाचित्रे’ असा वाढीव थांबा सुचवला गेला, तो आम्ही स्पष्ट शब्दांत नाकारला. मुलांचे राहते घर हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. अशा संस्थांत राहणाऱ्या अनेक मुलांचे आईवडील किंवा नातलग हयात असतात, आणि म्हणूनच केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली व पुढे मुलांना कुटुंबात परत पाठवण्याचे धोरण स्वीकारले. प्राइस यांच्या काळात मुलांना परतण्यासाठी घरच उरलेले नसे. आजची स्थिती तशी नाही. हा थांबा कंपनीने यादीतून काढून टाकावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.

एकंदर ५ पैकी ३ गुण. जाणार असाल तर आरक्षण करतानाच राबाई सकाळी आणि फ्रिअरटाऊन दुपारनंतर असा क्रम मागून घ्यावा, संग्रहालयाचे प्रवेशशुल्क वेगळे आहे का ते आधी विचारावे, आणि टोपी सोबत ठेवावी. मार्गदर्शक तोच आला, तर नाशिकचा विषय त्यालाच काढू द्यावा.